सगळ्यांत आधी निवडलेला माणूस

माझा मेव्हणा वेंडेल टिब्स टोलेडो शहरात रस्त्यावरचा बर्फ काढतो. पालिकेचा मोठा ट्रक, पुढे लोखंडी फाळ, आणि आत हा सहा फुटांवरचा गडी मान खाली घालून बसलेला. त्यानं मोकळ्या केलेल्या रस्त्यावरूनच लोक कामाला जातात, आणि त्याला ओळखलं की गाडीची काच खाली करून म्हणतात, "काय रे फुसक्या, आज तरी नीट फेकतोयस ना?" तो हात हलवतो. मी त्याच्या जागी असते तर फाळ गाडीवर घातला असता.

फुसका बार. हे नाव त्याला या शहरानं दिलं. एके काळी हाच माणूस सबंध देशात सगळ्यांत आधी निवडला गेला होता. दर वसंतात आमच्या अमेरिकी फुटबॉलचे संघ कॉलेजची पोरं वाटून घेतात, तो ड्राफ्ट. मागच्या मोसमात जो संघ सगळ्यांत जास्त हरला, त्याची पहिली पाळी. ऐकायला मोठा न्याय वाटतो. प्रत्यक्षात काय होतं, तर सगळ्यांत गुणी पोरगं सगळ्यांत गचाळ घरात जाऊन पडतं. आणि आमच्या संघाइतकं गचाळ घर दुसरं नव्हतं.

वेंडेल क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी उभे असतात आणि त्यांचं काम एकच, समोरच्या कोणाला त्याच्यापर्यंत पोचू द्यायचं नाही. आमची ती फळी म्हणजे सताड उघडं फाटक होती. अलाबामातून आलेलं कोवळं पोरगं त्यांनी पहिल्याच सामन्यात त्या फाटकामागे उभं केलं, कारण लोकांना तिकिटाबरोबर नवा चेहरा हवा होता. वेंडेल पडला, उठला, पडला. नाताळाच्या आत कोच हाकलला. नवा कोच आला तो म्हणाला, आधीचं सगळं विसर. त्यालाही हाकललं. तिसऱ्यानं विचारलं, "तुझा खांदा असा का आहे?" मग संघानं काखा वर केल्या, आणि शहरानं सगळं खापर या एकट्याच्या डोक्यावर फोडलं. दर एप्रिलमध्ये रेडिओवर एक बडबड्या आजवरच्या सगळ्यांत वाईट निवडी मोजून दाखवतो आणि शेवटी ढोल वाजवून वेंडेलचं नाव घेतो. माझ्या सलूनमध्ये तो रेडिओ लावायला बंदी आहे. एका बाईनं हट्टानं लावला, तर तिचे अर्धे कापलेले केस तसेच ठेवून मी तिला बाहेर काढलं.

माझी बहीण नॅडीन इथली, म्हणून तो इथंच राहिला. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर पोरांना शिकवायचा. त्यातला केन्यन मेबरी म्हणजे त्याचा जीव. आई लवकर गेली तेव्हापासून केन्यन नॅडीनकडेच जेवायचा. पुढे तो कॉलेजात गाजला, आणि त्याच्या ड्राफ्टच्या वर्षी पहिली पाळी पुन्हा कोणाची? आमच्याच संघाची. केन्यननं पत्रकारांना सांगितलं, "कोणीही घ्या, पण पहिलं वर्ष मला जुन्या खेळाडूमागे बसून शिकायचंय. माझे कोच, वेंडेल टिब्स, तसं सांगतात."

दोन दिवसांत संघाचा मॅनेजर ग्रेग हॉलोवे डोनटांचा खोका घेऊन नॅडीनच्या स्वयंपाकघरात हजर. मी तिथंच होते.

"वेंडेल, मित्रा, इतकी वर्षं झाली," तो साखर पेरत म्हणाला. "सप्टेंबरच्या पहिल्या सामन्यात, मध्यंतराला, तुला मैदानावर बोलवायचं ठरवलंय. सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवेल. भिंतीवर तुझं नाव लागेल."

नॅडीनच्या हातातला चमचा थांबला. तिला ते किती हवं होतं, मला माहीत आहे. वेंडेलला तर तिच्याहून हवं होतं. तो भर दिवसा दुकानात जात नाही, सिनेमाला गेला तर अंधार झाल्यावर आत शिरतो. त्याला फक्त एवढंच हवं होतं, की लोकांनी आता पुरे म्हणावं.

"आणि मी काय करायचं?" वेंडेलनं विचारलं.

"काही नाही रे. पोराला एवढंच सांग, पहिल्या दिवसापासून खेळ. तुझं ऐकतो तो. लोक आणखी एक वर्ष थांबणार नाहीत."

"त्याच्यापुढे कोण उभे आहेत?"

"म्हणजे?"

"पुढचे पाच. कोण आहेत ते?"

हॉलोवेनं डोनट उचलला. "त्यावर काम चालू आहे. पुढच्या वर्षी बघ तू."

"मलाही पुढच्या वर्षीच मिळणार होते," वेंडेल म्हणाला. "नाही सांगणार मी त्याला."

"नीट विचार कर. हे पुन्हा कोणी देणार नाही तुला."

"नाही म्हणालाय तो," मी म्हणाले. "इंग्रजी कळतं ना तुम्हाला? उचला तो खोका."

हॉलोवे गेल्यावर नॅडीन भांडी आदळत राहिली. "एक शब्द बोलायचा होता, वेंडेल. पोरगा काय तुझ्यासारखाच पडणार आहे असं लिहून ठेवलंय का?"  तिच्यावर मला राग आला नाही. राग त्या डोनटवाल्याचा आला. माणसाची जखम हुडकून त्यावर बोट ठेवायचं आणि त्याला मान म्हणायचं.

संघानं केन्यनलाच निवडलं. उन्हाळ्यात तो अंगणात येऊन उभा राहिला, नजर चुकवत.

"कोच, मी पहिल्या सामन्यापासून खेळतोय."

"कोणी ठरवलं?"

"मीच. संघवाले म्हणतात तुम्हाला भीती वाटते." तो अडखळला. "मी जिंकलो तर लोक म्हणतील, गडबड तुमच्यातच होती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार तोच वेंडेल म्हणाला, "जिंकलास तर मी सगळ्यांत मोठ्यानं ओरडेन. ये इकडे." आणि ती सबंध दुपार तो त्याला पडायला शिकवत होता. हनुवटी छातीला, हात आत, खांद्यावर भार घ्यायचा नाही. देशात ज्याच्यासारखा चेंडू कोणी फेकत नव्हता, तो गवतावर लोळून पडायचं कसं ते दाखवत होता. मला ते बघवेना. मी आत जाऊन कांदे चिरत बसले.

केन्यननं घरच्यांसाठीचे पास आम्हाला दिले. वेंडेल इतक्या वर्षांनी त्या स्टेडियममध्ये पाऊल टाकत होता, टोपी डोळ्यांवर ओढून. सुरुवातीला केन्यनच्या नावाचा जयघोष. मग ते फाटक उघडलं. पोरगा नजर वर करायच्या आत तीन-तीन जण अंगावर. पडला की शिकवल्यासारखा पडायचा, पण असं किती वेळा पडणार? मध्यंतरानंतर एकानं कमरेत धरलं, दुसरा वरून आला, आणि केन्यन उठला तेव्हा त्याचा उजवा हात नुसता लोंबत होता.

तो मैदानाबाहेर चालत जाताना लोकांनी त्याची हुर्यो उडवली. हात लोंबणाऱ्या पोराची. आमच्यामागचा एक जण बिअरचा पेला उंचावून म्हणाला, "घ्या, आणखी एक टिब्स."

वेंडेल उठला, वळला, टोपी काढली. "टिब्स मी आहे," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "त्याच्या पुढच्या पाचांतल्या एकाचं तरी नाव सांग मला. एकाचं."

 नाव सांगायच्या ऐवजी त्या माणसानं बिअर वेंडेलच्या तोंडावर फेकली. मग मी माझी त्याच्यावर फेकली, पेल्यासकट, आणि त्याचा मला अजिबात पस्तावा नाही.

नॅडीन रडत होती. वेंडेलनं बाहीनं तोंड पुसलं. "चला खाली," तो म्हणाला. "त्याच्याजवळ कोणीतरी हवं. माझ्या वेळी कोणी नव्हतं."

घरच्यांचा पास होता म्हणून डॉक्टरांच्या खोलीपर्यंत आम्हाला जाऊ दिलं. केन्यन टेबलावर पडून होता, चेहरा पांढराफटक. वेंडेलला बघून त्यानं पहिलं काय विचारावं?

"कोच, पुढच्या रविवारी खेळता येईल ना मला?"

"येईल की, वाघ आहेस तू." हा आवाज आमच्या पाठीमागून आला. हॉलोवे दाराबाहेर उभा होता, फोनवर हात ठेवून. डॉक्टरनं अजून त्या खांद्याला हातही लावला नव्हता.

वेंडेल वळला आणि दारात जाऊन उभा राहिला, चौकट भरून.

"बाजूला हो, वेंडेल," हॉलोवे म्हणाला. "माझा खेळाडू आहे तो."

वेंडेल हलला नाही. "आधी डॉक्टर बोलेल," तो म्हणाला.