गळ्यात दुपट्टा म्हणजे नळ

"लांबी पाहा, मंग बोला," असं म्हणून चाचा कापसाची चिमूट दोन्ही अंगठ्यांत धरायचे, हलकेच ओढायचे, सुटलेले तंतू एकावर एक ठेवून पुन्हा ओढायचे. उरलेला पिसासारखा झुपका बाहीवर शिवलेल्या काळ्या पट्टीवर ठेवून एक डोळा बारीक करायचे. मग समोरच्या गाडीवानाला सांगायचे की हा कापूस कोणत्या रानातला, कितव्या वेचणीचा आणि वजन वाढावं म्हणून त्यावर पाणी किती शिंपडलं. गाडीवान आधी रागवायचा, मग हसायचा, मग कबूल करायचा.

मोताळ्याकडच्या आमच्या गावाला लागून कापसातली सरकी काढणारी एक जिनिंग होती. चाचा तिथले ग्रेडर आणि मी वजनकाट्यावरचा बाबू. हुशारी सगळी त्यांच्याकडे होती, खुर्ची तेवढी माझ्याकडे. एकदा मी गाडीवर बसलेल्या माणसासकट गाडी तोलली. चाचांनी मान वर न करता म्हटलं, "बाबू, ह्या मालाले विडीचा वास येऊन राह्यला."

पुढे बीटी बियाणं आलं. सगळ्या गाड्या जुळ्या बहिणींसारख्या दिसू लागल्या. पहिली काही वर्षं कापूस मावेना, मग बोंडअळीला त्याचीही चव लागली आणि लोक सोयाबीनकडे वळले. मालकानं आधी कापूस तपासायचं मशीन आणलं आणि चाचांना घरी पाठवलं. मशीनला सोबत म्हणून मी उरलो. दीड महिन्यानं जिनिंगच बंद झाली. मी झेरॉक्सचं दुकान टाकलं, तेही अशा गावात, जिथे वीज कमी आणि कागद त्याहून कमी.

चाचांनी दुकान टाकलं नाही. त्यांनी स्वतःचे तुकडे केले. सकाळी ग्रामपंचायतीचे नळ सोडायचे, दहा ते पाच शाळेचं फाटक आणि घंटा, संध्याकाळी गाद्या पिंजायच्या. या सगळ्याच्या फटींत घर. चाची न्हाणीत घसरल्यापासून त्यांचं खुब्याचं हाड मोडलेलं होतं. चार पायांची काठी धरून त्या दारापर्यंत यायच्या आणि दाराशी बसून साऱ्या गल्लीची उलटतपासणी घ्यायच्या.

चार कामांना चाचांकडे दुपट्टा मात्र एकच, पांढरा, पिंजलेल्या कापसासारखाच मऊ झालेला. नळाच्या व्हॉलच्या खड्ड्यात वाकताना तो गळ्यात गुंडाळलेला असे. शाळेत खांद्यावर. गाद्या पिंजताना केसांत कापूस जाऊ नये म्हणून डोक्याला. घरी चुलीपाशी कमरेला. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याच्याकडे पाहून लोक घड्याळ लावतात. आमच्याकडे दुपट्ट्याकडे पाहून हंडे काढत. आळ्या चार आणि पाणी रोज एकाच आळीला. पाळी लक्षात ठेवण्याची तसदी कोणी घेत नसे. गळ्यात दुपट्टा घालून चाचा आपल्या आळीत शिरले, म्हणजे आज पाणी आपलं.

कामं कधीकधी एकमेकांच्या पायांत येत. एका दुपारी मधल्या सुट्टीत ते घरी पळत गेले, तव्यावर भाकर टाकली, ती भाजेस्तोवर परत शाळेत आले आणि घाईत सुट्टीऐवजी शाळा सुटल्याची घंटा दिली. पोरं गावभर पांगली. हेडमास्तर लाल झाले. "गुरुजी, पोरं उद्याही येतीन," चाचा म्हणाले, "भाकर गेली तर गेली."

सकाळी नळ सोडून आले की ते चाचींची वेणी घालत. मी एकदा पाहिलं. कापसाची चिमूट ओढताना अंगठा जसा फिरायचा, तसाच केसांतून फिरत होता, गुंता न ओढता, न तोडता. "लांबी पाहा," ते मला म्हणाले.

"पाहून घ्या बाबूभाऊ," चाची म्हणाल्या, "अर्धी तर यांच्या नोकऱ्यांच्या घोरात गळाली."

मग मलकापूरहून बातमी आली. तिथल्या एका नव्या जिनिंगला हाताचा ग्रेडर हवा होता. कारण मजेशीर होतं. मशीन फक्त त्याच्या तोंडात घातलेली मूठ तपासतं आणि व्यापारी वरवर चांगला माल रचून मधे भलतंच दडपत होते. एक दिवस परीक्षा, जमलं तर नोकरी. आवारातच राहायला खोली, आणि चाचींचा व्यायाम घेणारा दवाखाना दोन गल्ल्यांवर.

"एकच नोकरी, बाबू," चाचा म्हणाले. "एका जागी बसून पुरा कप चहा पिईन मी." पुढे हळूच म्हणाले, "बोटं विसरली नसतीन तर."

त्या दिवशीची घंटा एका गुरुजींनी घेतली. गाद्या थांबणार होत्या. पाण्याचं काम मी मागून घेतलं. चाचांनी व्हॉलची लांब लोखंडी चावी माझ्या हातात दिली आणि तीनदा बजावलं, "आज खालची आळी. बोरीखालचा व्हॉल. सात आटे फिरवजो. बाकी काहीच करू नको."

सकाळी चावी खांद्यावर घेऊन निघालो, तर चाचांच्या अंगणातल्या दोरीवर तो दुपट्टा दिसला. परीक्षेला जाताना चाचांनी नवा सदरा घातला होता आणि दुपट्टा घरीच ठेवला होता. मला वाटलं, कामाची जबाबदारी घेतली तर पोशाखही घ्यावा. ऐटीत गळ्यात टाकला.

दारातून चाची म्हणाल्या, "बाबूभाऊ, हातात घ्या, खांद्यावर टाका, पण गळ्यात नका घालू."

मला वाटलं, त्या माझी मस्करी करताहेत. बोरीपर्यंत सरळ वाट आहे. मी लांबची धरली. चारही आळ्यांतून रमतगमत, ओळखीच्या दारांशी थांबत, "काय म्हणता?" विचारत गेलो. बायका आज माझ्याकडे मोठ्या आदरानं पाहताहेत, हे मला जाणवलं. त्या दुपट्ट्याकडे पाहत होत्या, हे जाणवलं नाही.

खालच्या आळीचे सात आटे फिरवून मी घाम पुसतोय, तोच उरलेल्या तीन आळ्या बोरीखाली आल्या.

"काऊन जी? दुपट्टा घालून आमच्यात हिंडले, अन् पाणी त्याहिले?"

"मी तर शिळं पाणी सगळं ओतून हंडे घासून ठेवले! आता पोराले काय पाजू?"

शिळं पाणी एकट्या तिनं ओतलं नव्हतं. तीन आळ्यांनी ओतलं होतं. आता मी काय करावं? मी न्याय केला. चारही व्हॉल सोडले. चारही आळ्यांना करंगळीएवढी धार आली, अर्ध्या तासात टाकी कोरडी झाली आणि कोणाचाच हंडा भरला नाही. खालची आळी, जिची खरी पाळी होती, तीही आता भांडायला मोकळी झाली.

सरपंच आले. गर्दीकडे पाहून म्हणाले, "चाचाले सांगा, उद्यापासून येऊ नका. ज्याले बदलीचा माणूस निवडता येत नाही, तो गावाचं पाणी काय सांभाळीन?"

म्हणजे मलकापूरला बोटं चुकली असती, तर चाचांचा नळही गेला होता, माझ्या ऐटीपायी. मी चाचींना सांगितलं. "फोनवर नका सांगू त्याहिले," एवढंच म्हणाल्या. "जाऊन सांगा."

मोटरसायकलवर मलकापूर गाठलं. वाटेत मी माफीची सात वाक्यं पाठ केली. जिनिंगच्या फाटकासमोर निंबाखाली चाचा उघड्या डोक्यानं बसले होते, हातात चहा. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही वाचता येईना. सातही वाक्यं एकदम बाहेर पडली. दुपट्टा, चार आळ्या, टाकी, सरपंच.

चाचांनी एक घोट घेतला.

"चाचा, मी सरपंचांच्या पाया पडतो, तुम्ही—"

"लांबी पाहा, मंग बोल," चाचा म्हणाले.

तेवढ्यात फाटकातून चौकीदारानं हाक दिली, "ओ ग्रेडरसाहेब! चार गाड्या उभ्या आहेत, या लवकर!"

"चहा पिऊन राह्यलो," चाचा ओरडले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ढिगात कोपरापर्यंत हात घातला. वर यंदाचा, मधात मागच्या सालचा, खाली अळीनं खाल्लेला. मालकानं तीन मुठी मशीनले दाखवल्या. मशीनही म्हणे, हाव, बरोबर."

मी तिथेच मातीत बसलो.

"अन् नळाचं काम सोडतो हे सरपंचाले कसं सांगू, याचाच मले घोर होता," ते म्हणाले. "इतक्या सालाचा संबंध. तू एका सकाळी निपटून आला, बे." आणि त्यांनी कप तळापर्यंत रिकामा केला. चार गाड्या थांबल्या होत्या, थांबू दिल्या.

महिन्याभरात ते दोघं मलकापूरला गेले. मधे मी भेटून आलो. चाची आता काठी विसरून चार पावलं टाकतात आणि पाचव्या पावलाला काठीसाठी चाचांना ओरडतात. वेणी ठसठशीत दिसली.

दुपट्टा परत करायला गेलो होतो, चाचांनी घेतला नाही. "एका कामाले दुपट्टा लागत नाही," म्हणाले.

आमच्या नळाला आता नवा माणूस आहे, शिट्टी वाजवून पाळी सांगणारा. परवा सकाळी दूध आणायला निघालो आणि गार वारं होतं म्हणून नकळत तो दुपट्टा गळ्यात गुंडाळला. वरच्या आळीत शिरलो, तर मागे एकेका दारातून हंडे खणखणत बाहेर येऊ लागले. मी वळलो नाही. दुपट्टा गळ्यातून काढला आणि मुकाट कमरेला बांधला. मागे हंडे एकेक करून खणखणत घरात परत गेले.