मुळांचे फर्लांग

या गौरवग्रंथाच्या संपादकांचे पत्र आले तेव्हा मी ते तीनदा वाचले. "प्रा. दिगंबरराव आठल्ये यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, आपण चार शब्द लिहावेत." सरांचे एवढे विद्वान विद्यार्थी असताना खाडीकाठच्या मराठी शाळेतल्या मास्तराला हे पत्र कशासाठी? माझे नाव सरांनीच सुचवले असेल का? आणि सुचवले असेल तर का? माझा स्वभावच असा आहे. कोणी नमस्कार केला तरी आज याचे आपल्याकडे काय काम असावे, हे मी आधी ताडून पाहतो. या स्वभावापायीच सरांशी माझी ओळख झाली आणि या स्वभावापायीच आमच्या गावात सरांच्या नावाला डाग लागला. आजही त्यांचा विषय निघाला की चावडीवर कोणीतरी म्हणतेच, "ज्यांनी खड्डे खणून बांध फोडला, तेच ना हे?" हे खोटे आहे. ते खोटे आहे हे मी गेली कित्येक वर्षे जाणतो आणि गप्प बसलो आहे. म्हणून लिहितो.

स्वातंत्र्य मिळून एखाददुसरे वर्ष झाले असेल. भात निसवले होते. डोंबिवली स्टेशनापासून खाडीकडे चालत आले की आमचे गाव लागते. एका सकाळी सर बांधावरून चालत आले. डोक्याला टोपी नाही, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेले, खांद्याला कॅनव्हासची पिशवी आणि हातात लांब पात्याची कुदळ. मुंबईच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो, राहायला डोंबिवलीत आहे, असे त्यांनी सांगितले.

"आणि इकडे काय काढलंत?" मी विचारले.

"मुळं पाहायचीत, मास्तर. तुमच्या भाताची आणि बांधाबाहेर खाडीच्या चिखलात वाढणाऱ्या तिवरांची. आपल्याकडच्या झाडांची पानं-फुलं पुष्कळांनी पाहिली. खाली काय चाललंय ते कोणी पाहत नाही."

आता सांगा, यावर कोण विश्वास ठेवील? माझे चुलते गोमाकाका मागेच उभे होते. सर दूर जाताच ते म्हणाले, "भाताची मुलां बगाला कोन येतंय रं? आमाना येरा समजतंय काय यो?"

गावाला संशय येण्यासारखे दिवसही होते. युद्धाच्या काळात कल्याणच्या बाजूला छावण्यांसाठी जमिनी गेल्या, त्यात माझ्या आत्याचे शेत गेले. त्या शेतातही आधी पिशवी आणि टेपवालाच माणूस आला होता. त्यातून कुळकायद्याची कुजबुज सुरू झालेली. कोण कोणाच्या जमिनीवर डोळा ठेवून आहे, याचा पत्ता नव्हता. कुठेतरी पाणी मुरते आहे, अशी सगळ्यांचीच खात्री झाली. मला फायनलपर्यंत शिकलेला आणि थोडे इंग्रजी वाचता येणारा म्हणून पाळतीवर नेमण्यात आले. खरे सांगायचे तर नेमले नसते तरी मी ते केलेच असते.

सरांची काम करण्याची पद्धत पाहून संशय कमी व्हायचा सोडून वाढला. ते बांधापासून चांगली वीस पावले आत, खाचरात चार खुंट्या ठोकत, सुतळी बांधत आणि मधला भाताचा ठोंब मातीच्या ढेकळासकट अलगद उचलत. मग ते ढेकूळ बारीक जाळीवर ठेवून तासन् तास पाण्याने धूत. एक केसाएवढे मूळ तुटले तर हळहळत. दुपारी माझ्या ओटीवर बसून वहीत आकडे लिहीत. चहा घेत, पण दुसरा कप कधी मागितला नाही. मला वाटे, मिंधे होऊ नये म्हणून जपतात, म्हणजे मनात नक्कीच काही आहे.

एके दिवशी ते जाळी घेऊन पाण्याकडे निघाले आणि मला म्हणाले, "मास्तर, पिशवी जरा बघा हं." त्यांनी पाठ फिरवताच मी पिशवीतली वही काढली. पानावर इंग्रजीत लिहिले होते : प्लॉट तीन, एकूण लांबी इतके फर्लांग. खाली प्लॉट चार, एकूण लांबी इतके फर्लांग. प्लॉट म्हणजे जमिनीचा तुकडा. फर्लांगात तर रस्ता मोजतात! घोडबंदरच्या रस्त्यावरचे फर्लांगाचे दगड मी डोळ्यांनी पाहिले होते.

संध्याकाळी गावदेवीच्या देवळापुढे मी सांगितले, "रस्ता येतोय. आपल्या खाचरांतून, बांधावरून आणि तिवरांतून. मी स्वतः वाचलं."

मग काय विचारता! त्याच आठवड्यात सरांच्या खुंट्या उपटल्या गेल्या, खड्डे बुजवले गेले. आणि शिमग्याच्या आत गावाने ठरवले, तिवरे सरकार नेणारच आहे, तर आपणच तोडून लाकूड घरी आणलेले बरे. बांधाबाहेरचा तिवरांचा पट्टा आमच्या आज्यांपासून राखलेला होता. घरटी दोन मोळ्या, त्याही वाळक्या फांद्यांच्या, एवढाच हक्क होता. तो नेम एका महिन्यात मोडला आणि बांध खाडीसमोर उघडा पडला. सर धावत आले. "भाऊ, ही मुळं गाळ धरतात, लाट मोडतात. बांध तुमचा नुसता मातीचा आहे," असे दारोदार सांगत हिंडले. आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो. रस्त्याचे बिंग फुटले, आता सरकारचे लाकूड हातचे जाऊ नये म्हणून हा माणूस तिवरे वाचवू पाहतो आहे, असे मीच लोकांना समजावले.

रस्ता आला नाही. श्रावणातले उधाण मात्र आले. भर दुपारी बांधाला खांड पडली आणि लावणी झालेल्या खाचरांत खारे पाणी शिरले. सर्वांत आधी गोमाकाकांची खाचरे गेली, मग आमची. काकी बांधावर मटकन बसली आणि पाण्याकडे बघत राहिली. खारे पाणी शिरलेल्या जमिनीत दोन-तीन पावसाळे भात धरत नाही. गाव वर्षभर काय खाणार, हा प्रश्न होता. आणि तो पडला की माणसाला आधी दोषी हवा असतो.

देवळापुढे पुन्हा बैठक बसली. "त्या खड्डेवाल्याने बांध पोखरला," कोणीतरी म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. खड्डे बांधापासून वीस पावले आत होते आणि केव्हाच बुजले होते, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक होते? दुसऱ्या दिवशी सर आले तेव्हा त्यांच्या तोंडावर हे सांगण्यात आले. मला वाटले, आता हे माप काढतील, नकाशा काढतील, आम्हाला अडाणी म्हणतील. सरांनी पिशवी खाली ठेवली आणि धोतर वर खोचले. मग म्हणाले, "तुमचं शेत गेलंय. आज वाद घालायला मी आलो नाही. एक घमेलं द्या." तीन दिवस त्यांनी गावाबरोबर चिखल वाहिला. हाताची सालटी निघाली. त्यांना कोणी पाणीसुद्धा विचारले नाही, मीही नाही. लाज वाटते लिहायला.

पुढच्या वर्षी त्यांनी तिवरांची बी गोळा करून बांधाबाहेर लावायला घेतली. गावातले कोणी फिरकले नाही. मी गेलो, तोही नजर ठेवायला! पण नजर ठेवून ठेवून किती ठेवणार? हळूहळू हाताला चिखल लागला, आणि खारे पाणी न शिरलेल्या वरच्या खाचरातल्या भाताची मुळेही मी त्यांच्याबरोबर धुऊ लागलो.

एकदा त्यांनी एका ठोंबाची सगळी मुळे मला मोजायला दिली. काचेवर एकेक मूळ सरळ करायचे, पट्टी लावायची, आकडा लिहायचा. असे तीन दिवस चालले. इंचांचे फूट झाले, फुटांचे यार्ड. सर म्हणाले, "आता फर्लांग करा. शास्त्रात आम्ही मीटर लिहितो, पण पोरांना वर्गात सांगायला फर्लांग बरा पडतो. एका भाताच्या ठोंबाखाली एवढी लांबी असते हे ऐकलं की आ वासतात." मी भागाकार केला. उत्तर फर्लांगांतच आले. प्लॉट म्हणजे चार खुंट्यांमधला तो हातभर चौकोन होता.

मी पेन्सिल खाली ठेवली. "काय झालं, मास्तर?" सरांनी विचारले. "काही नाही," म्हणालो. रस्त्याची आवई मीच उठवली, एवढे एक वाक्य मला तेव्हा बोलता आले नाही आणि पुढे जितके दिवस गेले तितके ते जड होत गेले.

खुंट्या उपटल्यामुळे सरांचे एका हंगामाचे सगळे आकडे वाया गेले. अंदाजाने भरून निबंध पाठवता आला असता. कोण पाहायला येणार होते? सरांनी ती पाने आडवी रेघ मारून बाद केली आणि निबंध दोन वर्षे मागे पडला. त्यांच्या बरोबरीचे पुढे गेले. मी विचारले तर म्हणाले, "जे मोजलंच नाही ते कसं लिहू?"

त्यांच्या चांगुलपणाचाही मी हिशेबच मांडत राहिलो. निवडणुकीच्या साली त्यांनी शाळेला पाट्यांचे गठ्ठे आणून दिले, तेव्हा मागे कोणाचे चिन्ह तर छापलेले नाही ना म्हणून मी एकूण एक पाटी उलटून पाहिली. सर दारात उभे राहून पाहत होते. "सगळ्या कोऱ्या आहेत ना?" एवढेच त्यांनी विचारले. पत्नी विषमज्वराने पडली तेव्हा डोंबिवलीहून डॉक्टरांना घेऊन चिखलातून आले ते सरच. आणखी एक गोष्ट आहे. त्या पहिल्या वर्षानंतर सर आपली वही इंग्रजीऐवजी मराठीत लिहू लागले. का, ते मी कधी विचारले नाही. मला संशय आहे, आणि या एका संशयाचे उत्तर ऐकण्याची माझी हिंमत नाही.

नवीन तिवरे आता पुरुषभर उंच झाली आहेत. त्यांची मुळे चिखलातून बोटांसारखी वर आली आहेत. गेल्या दोन मोठ्या उधाणांत बांधाचे एक ढेकूळही हलले नाही. गोमाकाकांच्या खाचरांत भात परत आले. तरी गाव सरांना खड्डेवालाच म्हणते.

हा लेख धाडण्याआधी मी काकांना वाचून दाखवला. सगळ्यांत मोठे नुकसान त्यांचे. शिव्या खायची तयारी ठेवली होती. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "मना ठाव हाय. सगल्या गावाला ठाव हाय."

"कधीपासून?"

"खांड पडली त्याच दिसापासून. तिवरांवं पयला कोयता माजाच व्हता ना? पन नाव कोनाचा घेनार? तुजा घेतला तं घर फुटतंय. माजा घेतला तं मान जातंय. यो डोंबिवलीचा मानूस, याचा काय जातंय, असा वाटला."

माझ्या तोंडात मारल्यासारखे झाले. माझे एकट्याचे पाप म्हणून जे मी इतकी वर्षे जपले, ते सगळ्या गावाला ठाऊक होते. आम्ही सर्वांनी मिळून ते एका परक्या माणसाच्या डोक्यावर ठेवले, आणि त्या माणसाने ते खाली उतरवून ठेवले नाही.

"मग हे छापू नको म्हणता?" मी विचारले.

"छाप. पन मना वाचता येत नाय. मना तोंडान सांगाचा हाय. पयला त्यांच्या दारी ने मना."

येत्या रविवारी आम्ही डोंबिवलीला जाणार आहोत. लेख ऐकला त्या दिवसापासून काका रोज सकाळी ओटीवर येऊन विचारतात, "सरांची तब्बेत बरी हाय ना रं?" इतक्या वर्षांत आमच्या गावातून सरांच्या प्रकृतीची झालेली ही पहिली चौकशी.

सरांना उदंड आयुष्य लाभो, असे या ग्रंथात सारेच लिहितील. माझे मागणे जरा हिशेबी आहे. आमच्या गावात सत्तर उंबरे आहेत आणि आम्ही मंडळी चूक कबूल करायला फार सावकाश आहोत. पहिल्या घराला दहा वर्षे लागली. शेवटचे घर सरांच्या दारी पोचेल, तोवर सरांनी धडधाकट राहावे आणि दार स्वतः उघडावे, एवढीच गावदेवीजवळ प्रार्थना.