पंचांपुढे वाचलेली लघुकथा

माणसाला वेड लागायचंच तर एखादं सोयीचं लागावं. मला लागलं लघुकथेचं, तेही जव्हार संस्थानच्या मराठी शाळेत मास्तरकी करताना. पुण्या-मुंबईच्या मासिकांतून तेव्हा नव्या तऱ्हेच्या गोष्टी येऊ लागल्या होत्या. राजाराणी गेली, उपदेश गेला आणि मुख्य म्हणजे शेवट गेला. नायिकेनं खिडकीशी उभं राहून उसासा टाकला, की खाली लेखकाचं नाव. मला ते भलतंच आवडलं. शेवट सुचत नाही ही माझी जुनी अडचण, आता तिलाच लोक कला म्हणू लागले होते!

मी धडाधड लिहीत सुटलो. माझ्या सगळ्या नायिका पुण्यात राहायच्या आणि पेटी वाजवायच्या. पुणं मी एकदाच पाहिलेलं, आणि पेटीला तर कधी हात लावला नव्हता. गोष्टी जायच्या आणि परत यायच्या. टपाल आणायचा शाळेचा शिपाई. तो दाभोशाचा, आठवडाभर शाळेत राहायचा आणि रविवारी घरी जायचा. त्याला अक्षर येत नव्हतं, पण लखोट्याची जाडी कळायची. जाड लखोटा असला की वर्गाच्या दारातूनच ओरडायचा, "मास्तर, आली माघारी!" सगळा वर्ग खिदळायचा. मी छडी उगारायचो, पण मारणार कुणाला? लखोट्याला?

एकदा लखोट्यातून संपादकांची चिठ्ठी निघाली. 'आपल्या नायिका चहा फार पितात. आपण राहता त्या गावी माणसे राहत नाहीत काय?' मी संतापलो. बायकोनं ती चिठ्ठी मला दोनदा वाचायला लावली आणि म्हणाली, "अहो, यांना एकदा जेवायला बोलवा. हुशार दिसतात."

त्याच आठवड्यात शिपाई पाण्याचा माठ भरता भरता म्हणाला, "मास्तर, माझी पन आली माघारी."

त्याची लेक खोडाळ्याच्या बाजूला, पलीकडे इंग्रजी हद्दीत दिली होती. नवरा मारायचा. रविवारी ती नागलीची कापणी टाकून निघाली आणि दिवस कलताना बापाच्या अंगणात येऊन उभी राहिली.

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हननार? भाकर दिली." एवढं बोलून तो घंटा द्यायला गेला.

वाईट वाटलं मला, खोटं कशाला सांगू? पण दुसऱ्याच क्षणी मनात आलं, अरे, ही तर लघुकथा! लाज वाटायला हवी होती, तर मी टाक शोधत होतो. शिपायाचा केला नावाडी, एक बकरी वाढवली, आणि शेवट असा: लेक अंगणात उभी, बाप ओट्यावर बसलेला, आणि 'त्याने मान वर केली.' बस्स. आणि काय सांगू, ती छापून आली!

जव्हारात मी ती कुणाला वाचून दाखवली नाही ते विचारा. हेडमास्तर म्हणाले, "उरलेली पुढच्या अंकात का?" कचेरीतल्या कारकुनानं पानं मोजली आणि म्हणाला, "छापखान्यानं एक गाळलंय हो, पत्र टाका." बायको म्हणाली, "पोरीला किती वेळ उभी ठेवणार? पाय दुखतील तिचे." अडाणी लोक!

शेवटी शनिवारी शाळा सुटल्यावर मी शिपायालाच समोर बसवलं. गुडघे पोटाशी घेऊन त्यानं सगळं ऐकलं. मी मासिक मिटलं, तरी तो बसलेलाच.

"मंग?"

"संपली."

"कशी संपंल? पोर अंगनात उभी हाय."

"नव्या गोष्टीत शेवट सांगत नाहीत रे. ज्यानं त्यानं मनाशी ठरवायचा."

"ज्याला त्याला काय ठावं? लिवली तुमी." मग म्हणाला, "आन बकरी नव्हती."

तेव्हापासून त्यानं माझा पिच्छाच पुरवला. भूगोल चालू असताना खिडकीतून डोकं आत यायचं, "मास्तर, घेतली का घरात?" एकदा त्या नादात त्यानं सुट्टीची घंटा तासभर आधी दिली. पोरांनी त्याला देवच मानलं. मी वैतागून म्हणालो, "तुला कशाला रे एवढी पंचाईत?"

तेव्हा तो खरं बोलला. पुढच्या रविवारी जावयाकडचे लोक पंच घेऊन दाभोशाला येणार होते, पोरीला न्यायला. त्याचे भाऊ म्हणत होते, धाडून दे. पंचांपुढे बोलायला त्याची जीभ रेटत नव्हती. पोरीला भाकर दिली होती, पण 'राहा' असं तोंडानं तिलाही अजून म्हणाला नव्हता.

"छापलेला हाय ना," तो म्हणाला, "छापलेल्याला कोन नाय म्हनंल? दरबारचा हुकूम छापलेला असतो, तो मानतात का नाय? तुमी खाली लिवा, बापानं ठेवून घेतली. जागा हाय."

जागा होती खरी. गोष्टीखाली अर्धं पान कोरं होतं. मला घाम फुटला. इतका चांगला शेवट होता हो माझा! संपादकांनी तारीफ केली होती त्याची. अखेर टाक घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'त्याने दाराकडे पाहिले.' म्हटलं, त्याचंही समाधान होईल आणि माझी कलाही वाचेल. त्याला कुठं वाचता येतंय! त्यानं वर शाळेचा शिक्का मागितला, तो मी दिला नाही.

"आता वाचाया तुमीच या," तो म्हणाला. हे काही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

रविवारी बैलगाडीनं दाभोशाला गेलो. अंगणात पंच बसलेले, जावयाकडची पाच-सहा माणसं, आणि जावई मान खाली घालून काडीनं जमीन उकरत होता. पोर दाराशी उभी होती. मी तिला प्रथमच पाहत होतो. गोष्टीत मी तिला लांबसडक केस दिले होते. खरी पोर अगदी बारकी, आणि तिचं एक मनगट मोडून वाकडं सांधलेलं. त्याबद्दल शिपाई मला कधी बोललाच नव्हता, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

वाचायला लागलो. सगळे मुकाट्यानं ऐकत होते. बकरी आली तेव्हा एक म्हातारा पंच "कोनाची?" म्हणाला, त्याला बाकीच्यांनी गप्प केलं. छापलेलं संपलं. शाईच्या ओळीशी आलो आणि थांबलो. बाप माझ्याकडे बघत होता. पोरही माझ्याकडेच बघत होती. मरू दे ती कला!

"बापानं लेकीला घरात घेतलं," मी खणखणीत आवाजात वाचलं, "आणि पंचांना सांगितलं, ही आता इथंच राहील."

शिपाई ओट्यावरून उठला. "ही आता इथंच राहेल," तो म्हणाला. आवाज कापत होता, पण म्हणाला. पंचांनी मासिक हातोहात फिरवलं, वाचता कुणालाच येत नव्हतं, मग आपसात कुजबुजले, आणि जावयाकडच्यांना निघायला सांगितलं.

अंगण रिकामं होत असताना पोर माझ्यापाशी आली. "मी राहनार तो कुठं लिवलाय?" तिनं विचारलं.

मी 'त्याने दाराकडे पाहिले' या ओळीवर बोट ठेवलं. तिनं माझं बोट बाजूला सारून तिथं आपलं ठेवलं.

"परत वाचा."

पंचांपुढे वाचलं होतं तेच मी परत वाचलं. एक शब्द इकडचा तिकडे होऊ दिला नाही.