बाबांच्या पाट्या आणि सोलापूरचा शिरीष

शिरीष गेल्याचं त्याच्या बायकोने, मेधावहिनींनी, फोनवर सांगितलं तेव्हा मी दुबईत, अल बर्शातल्या आमच्या बिल्डिंगखाली लाँड्रीवाल्याकडून शर्ट घेत उभा होतो. सकाळी चालून आला, सोफ्यावर बसला आणि खलास. पन्नाशीही गाठली नव्हती. पहिला विचार आला, वेंगुर्ल्याला बाबांना हे कोण सांगणार? आणि त्याच्या पाठोपाठ, अगदी निर्लज्जपणे, दुसरा... आता तरी बाबा शनिवारी मला फोन करतील. पाच आठवडे झाले, तो दुसरा विचार घशाखाली उतरत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ऑफिसात आम्ही अकरा वर्षं शेजारी बसलो. तो सोलापूरचा, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या ट्रिपला. मी मात्र बंदरावर जन्मलेला. माझे बाबा बंदर खात्यात कारकून होते आणि रिटायर झाल्यावर त्यांनी एक खूळ डोक्यात घेतलं. पत्र्याचे तुकडे कापायचे, ऑइलपेंटने अक्षरं काढायची आणि गावभर पाट्या लावायच्या. डचांची वखार ही, मिठाची गलबतं इथे लागायची, जुनं जकातनाकं इथे होतं, दीपगृहाला तेल या वाटेने जायचं. गाव हसायचं, ‘पाटीमास्तर’ म्हणायचं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मित्रांबरोबर बंदरावर जाताना पाटी दिसली की मी मान वळवायचो.

सात वर्षांपूर्वी शिरीष सुट्टीत आमच्याकडे वेंगुर्ल्याला दोन दिवसांसाठी म्हणून आला आणि आठ दिवस राहिला. पहिल्याच पाटीपाशी त्याने खिशातला रुमाल काढला, धूळ पुसली, मोठ्याने आणि सावकाश वाचलं आणि विचारलं, “काका, ही गलबतं इथून जायची कुठे?” बाबांना हे कधी कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. त्या दिवसापासून त्यांना मी दिसेनासाच झालो. सुरमईची मोठी तुकडी त्याच्या ताटात. सकाळी दोघं छत्री घेऊन निघायचे ते जेवायलाच परतायचे. बाबा सांगायचे आणि हा निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत उतरवून घ्यायचा, जणू परीक्षाच आहे!

दुबईला परतल्यावर दर शनिवारी चारला बाबांचा फोन यायला लागला... शिरीषला. मला सणावारी. वर हा मला जुन्या खाडीकाठी ओढून न्यायचा आणि तिथल्या प्रत्येक फलकावर तोच रुमाल फिरवून वाचत बसायचा. “अरे, काका म्हणतात, तुमच्याकडची गलबतं इथवर यायची. तुला माहीतच नाही?” मी म्हणायचो, “यल्ला, चल आता, भूक लागलीये.” जळायचो मी. सरळ सांगतो, आतल्या आत जळायचो. बायको म्हणायची, “अहो, तुम्हीपण विचारा ना त्यांना काहीतरी.” पण सोलापूरकराने विचारून झालेलं मी कशाला विचारू? एकदा तर भडकून बोललोच, “माझा बाप आहे तो, तुझा नाही!” शिरीष रुमालाची घडी घालत म्हणाला, “मग बोल ना त्यांच्याशी.” आणि पुढच्या शनिवारी त्याने खरंच फोन माझ्या हातात दिला. बाबा म्हणाले, “बरो असंस मां?... शिरीषाक दी.”

तो गेल्याचं बाबांना मीच कळवलं. त्यांनी फोन ठेवून दिला. नंतरचे शनिवार एकामागून एक गेले, चार वाजून गेले, फोन काही आला नाही. मग मेधावहिनींनी ती निळी वही आणून दिली. “यातलं सगळं तुमच्या घरातलं आहे, भावजी, तुमच्याकडेच राहू दे.”

गेल्या शनिवारी चारला मीच फोन लावला. “बाबा, आता दर शनिवारी मी करीन.” पलीकडे त्यांनी पंखा बंद केला. मग म्हणाले, “मी पयली पाटी खंय लावलेली, सांग बघू?”

मला माहीत नव्हतं. त्या पाट्यांवरून येता-जाता माझी कितीतरी वर्षं गेली आणि मला माहीत नव्हतं. हळूच वही उघडली आणि म्हणालो, “जकातनाक्याच्या पिंपळाखाली.”

“काय लिवलेला तिच्यार?”

मी भराभरा वाचून दाखवलं.

“शिरीषाच्या वहीतला वाचतंस मां?”

कान तापले. मेल्यावरही पठ्ठ्याने मला हरवलं. “हो, बाबा.”

“वाच,” ते म्हणाले. “पण तेच्यासारख्या... सावकाश.”

मी खिशातला रुमाल काढला, वहीचा पुठ्ठा पुसला आणि पहिल्या पाटीपासून पुन्हा वाचायला लागलो.