सूचना, मथळा पातळी दोन

काचबिंदूनं ताईची नजर गेली तेव्हा ती भोकरदनच्या एका शाळेत ग्रंथपाल होती. नोकरी कंत्राटी होती, तीही गेली. मग घरी बसून ती स्क्रीन रीडर शिकली. म्हणजे कॉम्प्युटरमधला एक आवाज. तो वेबपान वाचून दाखवतो, पण त्याला पान दिसत नाही. तो पानामागचा कोड वाचतो. तो कोड लिहिणारा मी. जालन्यात बसून कॉलेजांच्या वेबसाइट करतो.

आमच्याकडच्या कॉलेजांत सूचना अजून जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतात. त्या वेबसाइटवर टाकल्या की अक्षरांचा नुसता काला होतो. म्हणून क्लार्क कागद छापतो, सही-शिक्का घेतो, मोबाईलनं फोटो काढतो आणि मला धाडतो. मी तो फोटो तसाच चिकटवतो. मला त्यात कधी वावगं वाटलं नाही.

अशाच एका कॉलेजात ग्रंथपालाची जागा निघाली. ताईनं माझ्या मदतीशिवाय अर्ज भरला. मुलाखतीची तारीख वेबसाइटवर येणार होती, आणि ती वेबसाइट माझीच.

"अरे, तुझं पान लई बडबडतं," ती म्हणाली. "आयएमजी अंडरस्कोर दोन शून्य दोन... डोकं उठून राह्यलं माझं."

चित्रात काय आहे ते शब्दांत लिहायला कोडमध्ये ऑल्ट नावाची जागा असते. ती नसली की तो आवाज अनेकदा फाइलचं नावच वाचत सुटतो. पण संस्थापकांचे हार घातलेले फोटो, वाढदिवसाच्या शुभेच्छा, यांचं वर्णन लिहीत कोण बसणार? मी एका फटक्यात सगळ्या चित्रांना रिकामा ऑल्ट दिला. रिकामा ऑल्ट म्हणजे चित्र निव्वळ शोभेचं, वाचू नकोस. सुंठीवाचून खोकला गेला. मी खूश, ताईही खूश.

रोज सकाळी ती ते पान ऐकायची. "सूचना, मथळा पातळी दोन," आवाज पानावरचं शीर्षक त्याच्या दर्जासकट सांगायचा, आणि मधे काहीच नसल्यासारखं लगेच पुढचं, "संपर्क, मथळा पातळी दोन." मग मला फोन.

"आज बी काई न्हाई आलं. मी रोज बराबर बघून राह्यले."

मुलाखतीच्या सूचनेचा फोटो मीच चढवला होता, न वाचता, सवयीनं तोच रिकामा ऑल्ट देऊन. पोस्टमन कुठं पत्रं वाचत बसतो, असं मी तेव्हा ऐटीत म्हणायचो.

शेवटी तिनंच कॉलेजात फोन लावला. क्लार्क म्हणाला, "मॅडम, मुलाखती सोमवारीच झाल्या ना. वेबसाइटवर टाकलं व्हतं."

रविवारी मी भोकरदनला गेलो. वाईट वाटायला हवं होतं, पण आत काही हलतच नव्हतं. बसमध्ये शेजाऱ्याशी कपाशीवर गप्पा मारल्या, घरी पोटभर जेवलो. मग तिला सगळं सांगितलं: फोटो, रिकामा ऑल्ट, माझा आळस. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"मंग आता तरी वाच," ती म्हणाली. "काय लिव्हलंय ते कळू तर दे."

मोबाईलवर तो फोटो उघडून मी वाचू लागलो. विषय, तारीख, वेळ, आणायची कागदपत्रं. सहीच्या वर शेवटची ओळ होती: दृष्टिहीन उमेदवारांस प्राधान्य देण्यात येईल. ती मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिली. मोठ्यानं मात्र वाचली नाही.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं," मी म्हणालो.