पडदेवालीचा दुसरा ग्लास

रोज सकाळी चहा गाळण्याआधी ती नव्या कापडाचा एक तळहाताएवढा तुकडा भिजवायची, पिळायची आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत चिमट्याला लावायची. मग कप हातात घेऊन त्या तुकड्याकडे बघत बसायची. रंग सोडतोय का, आटतोय का, उन्हात कसा दिसतोय. नुसतं चिमटीत धरून तिने आयुष्यात कुठलंही कापड पसंत केलं नाही. "टांगल्याशिवाय कळत नाही," हे तिचं ब्रह्मवाक्य. लग्नासाठी नवरा बघायला गेली तेव्हाही तिने हाच नियम लावला असेल, असं तिचा दीर म्हणायचा आणि स्वतःच मोठ्याने हसायचा.

ती पडदे शिवायची. गल्लीच्या तोंडाशी तिचं दुकान होतं, आणि दुकानाला लागूनच मागे घर. पुढे कापडाचे तागे, मागे मशीन, आणि मशीनशेजारी चिनीमातीची एक पांढरी टोपी, शिवताना बोटावर घालायची. नवरा शेजारच्याच गाळ्यात घड्याळं दुरुस्त करायचा. दोघांच्या मध्ये एक पातळ भिंत होती. त्याच्याकडची टिकटिक तिला ऐकू यायची आणि तिची मशीन थांबली की तो पलीकडून विचारायचा, "काय गं, दोरा तुटला का?"

सगळं छान होतं. फक्त एक गोष्ट सोडून.

सासरची माणसं वाइनची शौकीन. दर महिन्याला एकेका भावाच्या घरी सगळे जेवायला जमायचे आणि ज्याच्या घरी जेवण, त्याने वाइन निवडायची. हिच्या घरची पाळी आली की दीर आधीच बाटली काखोटीला मारून हजर. कारण हिला वाइन सोसायचीच नाही. पहिला घोट घेतला की दात आंबायचे, डोळे मिटायचे, आणि मागोमाग दारूचा तो उग्र वास नाकात चढायचा. एकदा तिने ग्लास गुपचूप कुंडीत ओतला, पण दिराच्या नजरेतून ते सुटलं नाही. नेमकं ते रोप आठवड्याभरात वाळलं, आणि तेव्हापासून दीर कुंडीला नमस्कार करूनच घरात यायचा.

"वहिनींना सरबत द्या रे," तो आल्या आल्या ओरडायचा. ती हसून सोडून द्यायची. टोमणे काय, पाऊस पडून गेल्यासारखे असतात.

खरं सलत होतं ते वेगळंच. शुक्रवारी दोन्ही दुकानं बंद झाली की नवरा खिडकीशी बसून एक ग्लास घ्यायचा. ती समोर पाणी घेऊन बसायची. हळूहळू त्याचा ग्लास अर्धा झाला. मग त्याने बाटलीच आणणं सोडलं.

"का हो, आज नाही?"

"एकट्याने काय प्यायचं? घड्याळाला एकच काटा असल्यासारखं वाटतं."

तो सहज बोलून गेला आणि वर्तमानपत्र वाचायला लागला. तिच्या मात्र ते सुईसारखं रुतलं. तिने मनात ठरवलं, आपल्या घरच्या पुढच्या जेवणाला बाटली मी निवडणार. आणि ती अशी असेल, की मी स्वतः पिऊ शकेन.

पहिली चूक तिने लगेच केली. आंबट नको म्हणजे गोड हवी, असा सरळ हिशोब लावून तिने एक गोड, गडद वाइन आणली. गोड होती खरी, पण घशात निखारा ठेवल्यासारखी. ती बाटली घेऊन ती परत दुकानात गेली.

वाइनचं दुकान एका ठसठशीत बाईचं होतं. गळ्यात दोरीला चष्मा, आवाजात जरब. तिने बाटलीवरचा मद्याच्या टक्क्यांचा आकडा दाखवला. "हिच्यात वरून आणखी मद्य घातलेलं असतं, ताई. गोडी बघितलीत, हा आकडा बघितला नाहीत. तुम्हाला नक्की काय खुपतं?"

"आंबटपणा. आणि दारूचा वास."

दुकानदारीण खुर्चीत मागे रेलली. "म्हणजे सासू आणि सून दोघींना एकदम खूश करायचं म्हणा की. भरपूर उन्हात पिकलेलं द्राक्ष आंबट कमी, पण त्यात साखर जास्त, म्हणून दारूही जास्त. थंड प्रदेशातली वाइन हलकी, पण दात आंबवणारी."

"मग माझ्यासारखीने सरबतच प्यायचं?"

"असं कोण म्हणालं? बसा."

तिने उघड्या बाटल्यांतून थोडी थोडी वाइन द्यायला घेतली. पडदेवाली घाबरली. "इतकी नको हो," म्हणत तिने पिशवीतून आपली चिनीमातीची टोपी काढून पुढे केली. दुकानदारीण बघतच राहिली, पण तिने टोपी भरली. पडदेवालीने डोळे मिटून ती घशात रिकामी केली आणि तोंड वाकडं केलं. दुसरी. तोंड वाकडं. तिसरी. तेच.

"औषध घेताय का तुम्ही?" दुकानदारीण शेवटी म्हणाली. "काय काम करता?"

"पडदे शिवते."

"मग कापड काय चिमटीत धरून ठरवता?"

"छे! खिडकीत टांगल्याशिवाय मी कात्री लावत नाही."

"मग या बिचाऱ्या वाइनला खिडकी कधी देणार?"

पडदेवाली हातातल्या टोपीकडे बघत राहिली. मग खुदकन हसली आणि टोपी पिशवीत टाकली.

दुकानदारिणीने रुंद, फुगीर ग्लास काढला आणि त्यात फिकट सोनेरी वाइन जेमतेम तळाला ओतली. सुगंधी पांढऱ्या द्राक्षांची, किंचित गोड, हलके बुडबुडे असलेली. हिचं आंबणं मध्येच थांबवतात, म्हणून थोडी साखर उरते आणि दारू कमी होते, असं तिने समजावलं. "बर्फासारखी गार करू नका, आंबटपणा टोचतो. उन्हात ठेवलेल्यासारखी कोमटही नको, दारू वर येते. फ्रीजमधून काढा, जरा थांबा. आणि सोबत काहीतरी खारं घ्या."

पडदेवालीने खारवलेला बदाम चावला. ग्लास हलकेच फिरवला, वाट बघितली, मग घोट घेतला. फुलांचा वास आला, पिकल्या फळाचा आला. दात जागच्या जागी होते. तिने डोळे उघडे ठेवूनच दुसरा घोट घेतला.

"हीच," ती म्हणाली. "दोन द्या."

जेवणाच्या दिवशी दीर नेहमीप्रमाणे बाटली घेऊन आला. कुंडीला नमस्कार झाला. टेबलावर आधीच उघडलेली बाटली बघून तो थबकला.

"वहिनी, हे काय? आणि तुमचं सरबत?"

"ते तुमच्यासाठी ठेवलंय भावजी, कपाटात. काढू का?"

सगळं टेबल हसलं. दिराने घोट घेतला, भुवया वर केल्या, आणि म्हणाला, "हं. जरा पोरकट आहे." मग दुसरा घोट. मग बदाम. थोड्या वेळाने त्याने कोणाचं लक्ष नाही असं बघून ग्लास पुढे सरकवला.

"पोरकट आहे ना?" तिने बाटली हातात धरून विचारलं.

"पोरं मला आवडतात, वहिनी. ओता."

नवरा मात्र हसत नव्हता. तो तिच्या ग्लासाकडे बघत होता. ग्लास रिकामा झाला होता, आणि जवळपासच्या कुठल्याही कुंडीची माती ओली नव्हती. तिने स्वतःच्या ग्लासात पुन्हा ओतलं, मग त्याच्या. त्याने आपला ग्लास उचलून तिच्या ग्लासाला हळूच टेकवला. इतका हळू, की तो आवाज फक्त घड्याळं ऐकण्याची सवय असलेल्या माणसाला आणि त्याच्या बायकोलाच आला असेल.

त्यानंतर तिच्या घरचं जेवण कोणी चुकवलं नाही. दीर तर आपल्या पाळीच्या आधी तिच्या दुकानात डोकावून जायचा, उगाच पडद्यांचे भाव विचारत. आणि शुक्रवारी खिडकीत, वाळत घातलेल्या तुकड्याखाली, दोन ग्लास असायचे. नव्या बाटल्यांची ओळख व्हायची, काही नापसंत व्हायच्या, आणि ती बिनदिक्कत म्हणायची, "ही रंग सोडते." कितीतरी वर्षं हे असं चाललं. केस पांढरे झाले, मशीनची चामडी वादी बदलली, खिडकीतला तुकडा मात्र रोज नवा होता.

तिचा शेवटचा दिवसही शुक्रवारच होता. दुपारी तिला जरा दमल्यासारखं वाटलं. तिने दुकानाचा पडदा ओढून घेतला, मागच्या खोलीत पलंगावर आडवी झाली आणि पातळ भिंतीपलीकडे नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "अहो, बाटली बाहेर काढून ठेवा, फार गार नको. मी उठले की बसू."