वीराच्या वाटीतलं तेल

गडाखालच्या गावापर्यंतचा चढ संपला तेव्हा दम खायला मी सायकल एका उभ्या दगडाला टेकवली. तेलाची वाटी घेऊन आलेल्या आजी म्हणाल्या, "बाबा, सायकल जरा बाजूला घे. तो वीर हाय आमचा." तेव्हा कुठे मला दगडावरची झिजलेली तलवार दिसली.

ओशाळून विचारलं, "नाव काय यांचं?"

"कुणाला ठावं? गावासाठी पडला, एवढं सासू सांगायची. तिच्यामागं रोजचं तेल मी लावती," म्हणत त्यांनी दगडाला तेल चोळलं.

मी गडांची नावं तोंडपाठ करून फिरणारा माणूस. बिननावाच्या माणसाला रोज तेल लावणं मला सुचलं नसतं.

वाटीत उरलेलं तेल आजींनी माझ्या सायकलच्या साखळीवर सोडलं. "खालच्या वळणापासनं कुरकुर ऐकतीय."

पुढचा चढ साखळी गप्प होती. दोन वळणं गेल्यावर लक्षात आलं, आजींनी माझंही नाव विचारलं नव्हतं.